हातावर मीठ

मी रोह्याच्या बाजारात शिलाईचं दुकान चालवतो. माझा संबंध कापडाशी, मिठाशी नाही. पण हौसामावशीचं नाव निघालं की माझं डोकं अजून तापतं. बायको म्हणते, सोडून द्या, तुमचं काय गेलं त्यात? माझं काही गेलं नाही हे खरं आहे. तरीही लिहितो.

हौसामावशी कासू स्टेशनापलीकडच्या खाडीकाठच्या गावातली. नवरा कान्हू मालकाच्या मिठागरात वाट्यानं राबायचा. भरतीचं पाणी खाजणात घ्यायचं, उन्हात आटवायचं, लाकडी फळीनं मीठ ओढून ढीग घालायचे. दिवाळीनंतर सुरू झालेलं हे काम पावसाच्या तोंडापर्यंत चालायचं. कान्हूनं मीठ पिकवायचं आणि हौसानं ते विकायचं, अशी घरात वाटणी होती. सकाळच्या गाडीनं ती दोन गोणपाटं घेऊन रोह्याला उतरायची, माझ्या दुकानाच्या पायरीवर टेकून चहा प्यायची आणि एस.टी.नं पुढं गावोगाव जायची. तिची सासू तर बैलगाडीनं यायची म्हणे. म्हणजे गाडी बदलली, पण मीठ आणि घरं तीच होती.

त्यातली एक वाडी रोहा-कोलाड रस्त्यावरून आत, डोंगराच्या पायथ्याला आहे. नाव मुद्दाम सांगत नाही. भात आणि वाल पिकवणारी माणसं. त्यांच्याकडून मावशी पैसे घ्यायची नाही, मिठाला भात आणि वाल घ्यायची. खाडीला भात कमी, वाडीला मीठ नाही, दोघांचं भागायचं. आता मोठमोठ्या पगाराची माणसं मालाचा खप कसा वाढवावा यावर दिवसदिवस बैठका घेतात. मावशीनं आयुष्यात एक पाटी लावली नाही की आरोळी ठोकली नाही. तिची सगळी जाहिरात तिच्या पायलीत होती. पहिलं माप टाकताना ती ‘एक’ म्हणायची नाही, ‘लाभ’ म्हणायची, जुन्या रीतीनं. मापावर शीग यायची, ती हातानं कधी सपाट करायची नाही. सगळं मोजून झालं की वर एक मूठ. ती मूठ मोजणीत नसायची.

आणि एक गोष्ट ती कधीच करायची नाही. मीठ कोणाच्या हातावर द्यायची नाही. कोणाला चव बघायला चिमूटभर हवं असलं, तर जमिनीवर पान ठेवायला सांगायची, पानावर मीठ टाकायची, मग समोरच्यानं उचलायचं. हे काही तिचंच खूळ नव्हतं. मीठ हातावर दिलं की देणाऱ्या-घेणाऱ्यांत भांडण होतं, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. माझ्या घरी आजही पंगतीत मीठ पानात वाढतात, हातावर नाही. वाडीतल्या बायकांनी तर ते आईच्या दुधाबरोबर घेतलेलं.

वाडीत पहिलं माप पडायचं विमलबाईच्या दारात. तिथं मावशी भाकरी खायची, मिठाखाली दडवून आणलेला सुका जवळा हळूच विमलबाईच्या सुपात टाकायची आणि दोघी सासवांच्या उखाळ्यापाखाळ्या काढत बसायच्या. विमलबाईला दुसऱ्या खेपेला दिवस गेले तेव्हा तिला खाडीची चिंबोरी खावीशी वाटली. मावशी ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखलात जाऊन ती घेऊन आली होती. नातं असं होतं.

मग रोह्याजवळच्या धाटावच्या कंपन्यांनी वाडीतली पोरं कामाला घेतली. वाईट झालं असं मी म्हणणार नाही. शिफ्टला जाणाऱ्या पोरांच्या शर्ट-पँटी मीच शिवल्या, माझंही घर त्यावर चाललं. पण दर महिन्याला रोख पगार यायला लागल्यावर शेतात कोण वाकणार? भात कमी झालं, वाल नावापुरते राहिले. मिठाला भात द्यायचं तर आधी भात हवं. विमलबाई म्हणायची, “हौसे, यंदा पैसंच घे गो.” मावशी घ्यायची. पण ज्या नोटेनं मावशीचं मीठ येतं, त्याच नोटेनं दुकानातलं पिशवीचंही येतं, हे वाडीला कळायला किती वेळ लागणार? तोवर घरोघरी टीव्ही आले होते. त्यात एक गोरी बाई शुभ्र मीठ बोटांतून वाळूसारखं सोडायची आणि हसायची. मावशीचं मीठ खड्यांचं, जरा मातकट, पावसात पाझरणारं. त्याच्याकडं बघून टीव्हीतलं कोण हसणार! कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, तसं त्या पिशवीचं झालं.

त्यावर कायदा आला. आयोडीन नसलेलं मीठ खायला म्हणून विकायचं नाही. आता इथं कोणी माझ्यावर चढू नये. आयोडीन लागतं. गळ्याला गाठ येऊ नये, पोरांची वाढ खुंटू नये म्हणून लागतं. आमच्या डॉक्टरांनी मला नीट समजावलंय आणि माझ्या घरातही तेच मीठ आहे. माझा राग आयोडीनवर नाही. कासूच्या खाडीवर एक तरी माणूस यावा की नाही? कान्हूला सांगावं की नाही, की बाबा, हे औषध असं फवारायचं, हे यंत्र, चार मिठागरवाल्यांनी मिळून घ्या? कोणी आलं नाही. काही वर्षांनी तो कायदा उठवला, मग परत लावला. त्या येण्याजाण्यात मोठ्या कंपन्या मोठ्या झाल्या आणि कान्हूसारख्यांना कायदा कधी आहे आणि कधी नाही हेच समजेना. खाडीवर सरकार आलं नाही. वाडीवर मात्र जीप आली.

‘चांदणी मीठ’ नावाच्या कुठल्याशा कंपनीची ती जीप. वर भोंगा, आत पिशव्यांची खोकी, आणि गळ्यात टाय बांधलेला एक तरुण. मारुतीच्या पारासमोर टेबल मांडलं, पिशवीमागं प्लॅस्टिकचा डबा फुकट. सगळी वाडी जमली. मी तिथं नव्हतो. पण काय झालं ते मला मावशीनं सांगितलं आणि पुष्कळ वर्षांनी विमलबाईनंही सांगितलं, आणि दोघींच्या सांगण्यात काडीचाही फरक नव्हता.

त्या पोरानं पिशवीतल्या मिठावर बाटलीतला एक थेंब टाकला. मीठ जांभळं-निळं झालं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. नेमकी त्याच वेळी हौसामावशी डोक्यावर गोण घेऊन वाडीत शिरली. त्याला तर घबाडच मिळालं. भोंग्यावरून म्हणाला, “या मावशी, या! तुमचंही मीठ तपासू.” मावशीनं गोण उतरवली. तिला कसली भीती? त्यानं हात पुढं केला.

“चिमूटभर द्या हातावर.”

“हातावर नाय देत,” मावशी म्हणाली. “खाली पान ठेव, पानावर देते.”

“का हो? हातावर का नाही?”

“नाय देत. तशी रीतच नाय.”

तो शहरातला. त्याला रीत काय ठाऊक? आणि ठाऊक असती तरी त्याला तिचं काय, त्याला पिशव्या खपवायच्या होत्या. तो वाडीकडं तोंड करून भोंग्यात हसला. “बघा बायांनो, मावशी मीठ हातात द्यायलासुद्धा घाबरतात. असं काय आहे ह्या मिठात? आणि हेच तुम्ही पोरांच्या ताटात वाढता?”

पोरं हसली. बाप्ये हसले. मावशीनं बायकांकडं पाहिलं. प्रत्येक बाईला ठाऊक होतं मीठ हातावर का देत नाहीत ते. एकीनं जरी म्हटलं असतं, “अरे बाबा, आमच्यात नाय देत, भांडण व्हतं,” तरी विषय तिथंच मिटला असता. विमलबाई पुढंच उभी होती, हातात तो फुकटचा डबा. मावशी तिच्याकडं बघत राहिली. विमलबाईनं डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. बोलली नाही.

ती का बोलली नाही, तेही तिनंच मला सांगितलं. “त्या टायवाल्याम्होरं काय बोलू? अडाणी म्हनला असता. माजा रघू नवीनच कंपनीत लागला व्हता, त्याचं दोस्त उभं व्हतं तितं.” एवढंच कारण. चार हसणाऱ्यांत आपण हसणाऱ्यांच्या बाजूला असावं, एवढंच. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. इथं तर ज्या मिठाला जागायचं तेच मीठ समोर गोणीत होतं.

मावशीनं पान मागवून मीठ दिलंच. थेंब पडला, रंग आला नाही. कसा येणार, त्यात आयोडीन नव्हतंच. ते त्यानं तसं सांगितलं असतं तर त्याची पिशवी तेवढीच खपली असती आणि माझी काहीच तक्रार नव्हती. पण वाडीच्या डोक्यात त्या दिवशी आयोडीन शिरलं नाही. शिरलं ते एवढंच, की ही बाई काहीतरी लपवते. त्या पोरानं मीठ विकलं नाही, संशय विकला, आणि तो फुकटच्या डब्यातून घरोघर पोचवला.

पुढच्या खेपेला दारं उघडी होती, पण सुपं बाहेर येईनात. कोणी म्हणालं, पोरं पिशवीचंच मागतात. कोणी म्हणालं, नवऱ्याला कंपनीतनं मिळतं. विमलबाई म्हणाली, “थोडं दे गो, माडाच्या मुळात टाकायला.”

“माडाला?” मावशी म्हणाली. “तुजी पोरं ह्या मिठावर वाढली, विमल. आन आता माडाला?”

मावशीनं माप काढलंच नाही. त्या दिवशी ती माझ्या पायरीवर बसली ती संध्याकाळच्या गाडीपर्यंत. चहाला नको म्हणाली. फक्त एकदा बोलली, “नको घेऊ दे मीठ. पर मी चोरटी नाय, हे एकीनं तरी सांगायला पायजे व्हतं.” तिची गिऱ्हाईकं गेली याचं दुःख होतंच. पण तिच्या जिव्हारी लागलं होतं ते हे दुसरं. ती पुन्हा त्या वाडीत गेली नाही.

पेणच्या एका व्यापाऱ्यानं तिचं मीठ बर्फाच्या कारखान्यासाठी घेतलं. गोणीवर काळ्या शाईत छाप मारायचा: ‘खाण्यासाठी नाही’. मावशीला वाचता येत नव्हतं. तिनं मला विचारलं आणि मी सांगितलं. मिठाला भाव नाही म्हणून मालकानं मिठागराचा बांध दुरुस्त केला नाही, एका भरतीत खाडी आत शिरली, आणि कान्हू पेणला एका गोदामावर वॉचमन झाला. दीर काळुरामनं मिठाचे दोनचार वाफे कसेबसे जगवले, तेवढंच घरचं मीठ उरलं.

वीसएक वर्षं गेली. मावशी वाकली. आणि मग शहरवाल्यांना नवा साक्षात्कार झाला. पांढरं ते वाईट, मातकट ते चांगलं. यंत्राचं वाईट, हातचं चांगलं. कोलाडला नदीत होड्या उलट्यासुलट्या करायला मुंबई-पुण्याची माणसं शनिवार-रविवार येऊ लागली होतीच. विमलबाईच्या रघूला कंपनीनं घरी बसवलं होतं. त्यानं पडीक शेतात झोपड्या उभारल्या, शेण सारवायला बाया लावल्या आणि फाट्यावर पाटी ठोकली: ‘मायेची चूल’. थंडीत तिथं पाहुण्यांसाठी पोपटी लागायची. म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ आणि भांबुर्डीचा पाला भरून ते शेतात जाळाखाली भाजायचं. आमच्याकडं पोपटी कधी कोणी विकली नव्हती. ज्याच्या शेतात शेंगा, त्याच्याकडं सगळ्यांनी बसायचं. रघूनं तिला माणशी दर लावला.

लावो बापडा, पोट आहे त्याला. पण तो एक दिवस गाडी घेऊन कासूला गेला. “मावशे, तुजं मीठ पायजे. जुनं, खड्याचं. आन तू बी यायचं, मडक्याजवळ बसायचं. लुगडं नेसून ये, आगरी.”

मावशीनं एकच विचारलं, “खायाला नेतोस ना?”

“खायालाच की.”

“वाडीत?”

“आपल्याच वाडीत.”

म्हणून ती आली. पैशासाठी आली असं रघूला वाटलं. मला विचाराल तर तिला एकदा त्या वाडीत आपलं मीठ माणसाच्या तोंडात जाताना बघायचं होतं.

मी त्या दिवशी तिथं होतो, कारण रघूनं मला काचेच्या बरण्यांसाठी खादीच्या टोप्या शिवायला दिल्या होत्या. बरण्यांत मावशीचंच मीठ, काळुरामच्या वाफ्यांतलं. पुढं छापलेलं: ‘पूर्वजांच्या चवीचं खाडीचं मीठ’. किंमत अशी की कान्हूनं ऐकली असती तर त्याला ठसका लागला असता. मी बरणी फिरवली. मागं मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत होतं: ‘खाण्यासाठी नाही. गरम पाण्यात पाय शेकण्यासाठी.’ कायद्यातनं अंग काढून घ्यायची ही युक्ती. पुढं चव, मागं पाय.

“काय ल्हिवलंय रं?” मावशीनं विचारलं. मी सांगितलं. “म्हंजी तेच,” ती म्हणाली, आणि मडक्याजवळ जाऊन बसली.

ऊन उतरत होतं. मडकं उपडं लावलं होतं, जाळ चांगला धरला होता. विमलबाई पडवीत खुर्चीवर, गुडघेदुखीनं जेरीला आलेली. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. पाहुणे मोबाइल घेऊन गोल उभे राहिले. रघू भलताच रंगात आला होता. एका तरुण बाईंना पुढं करून म्हणाला, “मावशे, ह्या मॅडमच्या हातावर मीठ दे. जरा उंचावरून सोड. फोटो काढतो, बरणीवर टाकायला.”

मॅडमनी हसून हात पसरला. त्यांचा काय दोष? माझ्या मात्र अंगाची लाही झाली. त्याच वाडीत, त्याच बाईकडं, तेच मागणं. तेव्हा नाही म्हणाली म्हणून चोरटी ठरली, आणि आता हो म्हणावं म्हणजे बरण्या खपतील. मी रघूला काहीतरी बोलणार होतो, पण मावशीच उठली.

तिनं मुठीत मीठ घेतलं. मॅडमच्या हातावरून मूठ पुढं नेली आणि चालत पडवीशी गेली. विमलबाईसमोर उभी राहिली.

“हात कर गो, विमल.”

विमलबाईचा चेहरा उतरला. “हौसे, नको.”

“का नको? सांग ना. का नको?”

विमलबाईनं रघूकडं पाहिलं, पाहुण्यांकडं पाहिलं. मग तिनं हात पुढं केला. मावशीनं त्या हातावर मीठ ठेवलं, सगळीच्या सगळी मूठ.

“तवा नाय भांडलीस माज्यासाठी,” ती म्हणाली. “आता भांड.”

विमलबाई रडली नाही. मीठ तसंच हातात धरून ती खुर्चीतनं उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. म्हणाली की मीठ हातावर देत नाहीत, भांडण होतं. त्या वक्ताला ही बाई खरी होती, आम्ही सगळ्या जाणत होतो आणि आम्ही तोंडं शिवली. हिच्या मिठात काही खोट नव्हती, खोट आमच्यात होती.

आणि पाहुण्यांनी काय करावं? टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा पोपटीबरोबरचा कार्यक्रम आहे. रघूचे डोळे चमकले. तो धावत आला. “आये, भारी बोललीस! मावशे, हेच दर शनवारी करायचं. दोघींनी. मी पाटी लावतो, आमच्यात मीठ हातावर देत नाहीत म्हणून.”

मग मात्र भांडण झालं. विमलबाईनं मुठीतलं मीठ मुलाच्या त्या बरण्यांवर भिरकावलं आणि जे तोंड सोडलं, ते मी इथं लिहू शकत नाही. माडाला घातलेल्या मिठापासून पाय शेकायच्या मिठापर्यंत तिनं सगळं बाहेर काढलं. पाहुण्यांनी मोबाइल खाली घेतले. रघू “आये, लोकं बघतात” म्हणत राहिला. “बगू दे. तवा लोकं बगत व्हती म्हनूनच मी गप बसले,” ती म्हणाली. पोपटी मडक्यात करपली. मला सांगायला लाज वाटत नाही, मला फार बरं वाटलं.

मी मावशीला स्टेशनवर सोडलं. बरण्यांच्या टोप्या परत आणल्या, शिलाईचे पैसे सोडून दिले.

रघूनं पाटी लावलीच. ‘येथे मीठ हातावर दिले जात नाही. कोकणची जुनी रीत’. खाली फोन नंबर. परवाच बघून आलो, लोक तिच्यासमोर उभे राहून फोटो काढतात.

पण त्याच थंडीत, एका सकाळी, मी खरेदीला पेणला निघालो होतो आणि डब्यात समोर विमलबाई बसलेली. एकटी, मांडीवर वालाचं बोचकं. कासूला तिला उतरवायला मीही उतरलो आणि खाडीपर्यंत तिच्याबरोबर गेलो. मावशी अंगणात मीठ चाळत होती. तिनं बघितलं, उठली नाही. विमलबाईनं बोचकं सोडून वाल सुपात ओतले आणि दुसरं सूप रिकामं पुढं केलं, हातात धरून.

“खाली ठेव,” मावशी म्हणाली.

विमलबाईनं सूप जमिनीवर ठेवलं. मावशीनं पायली भरली, शीग येऊ दिली आणि सुपात ओतली.

“लाभ,” ती म्हणाली, आणि दुसरं माप भरायला लागली.